ताटासमोरची सोबत

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण दाखल झाले. महायुद्धात बंदूक हाती धरायला त्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता. त्याऐवजी उपाशी राहायला ते आपखुशीने तयार झाले. युद्धानंतर युरोपातल्या भुकेने खंगलेल्या माणसांना पुन्हा उभं कसं करायचं, हे अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाला शोधायचं होतं. सुरुवातीचे तीन महिने नेहमीचं जेवण देऊन, पुढचे सहा महिने त्याने या तरुणांना अर्धपोटी ठेवलं. बघता बघता ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले. घासाचे बारीक बारीक तुकडे करून जेवण लांबवायचे, ताटल्या चाटूनपुसून स्वच्छ करायचे. चिडचिड वाढली, माणसं नकोशी झाली. एकाने गावात जाऊन चोरून खाल्ल्यावर कीजने नियम केला, की यापुढे कुणीही एकट्याने बाहेर पडायचं नाही, बरोबर एक जोडीदार हवा.

खाण्याच्या विकारांचा अभ्यास करणारे या प्रयोगाकडे पुन्हा पुन्हा येतात. या तरुणांना कुठलाही मानसिक आजार नव्हता, तरी नुसत्या उपासमारीने त्यांचं वागणं अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णासारखं झालं, हे त्याचं कारण. मला मात्र त्यातला तो जोडीदार आठवत राहतो. तोही उपाशीच होता. शेजारच्याच्या पोटात काय चाललंय, हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याला नेमलं होतं पहाऱ्यावर.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. कळतं, हे खरंच. पण जळणाऱ्या दोन घरांनी एकमेकांची आग विझवली, असं कधी ऐकलेलं नाही. खाण्याच्या विकारातून बाहेर पडू पाहणाऱ्याला त्याच वाटेवरच्या माणसाची सोबत कितपत उपयोगी पडते, कुठली सोबत तारते आणि कुठली बुडवते, याचा हा आढावा.

आजार आणि त्याची लांबी

हे विकार इन्स्टाग्रामने जन्माला घातलेले नाहीत. लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी १८७३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, न खाणाऱ्या तरुण मुलींची वर्णनं मांडली. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचं. अनावर खाणं आणि मग ते कसंही करून शरीराबाहेर काढण्याची धडपड, या चक्राला जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ‘बुलिमिया नर्व्होसा’ म्हटलं. बाहेर काढण्याची धडपड नाही, पण ताबा सुटून खाणं आणि नंतरची कोंडणारी शरम आहे, त्या ‘बिंज ईटिंग’ला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र जागा मिळायला २०१३ साल उजाडलं. त्याच आवृत्तीने आणखी एक गोष्ट नोंदवली. वजन दिसायला कमी नसतानाही माणूस अ‍ॅनोरेक्सियाने तितकाच आजारी असू शकतो. ‘हिला कुठे काय झालंय, चांगली तर दिसते’ या वाक्याचा आधार तिथे सुटला.

हे लाडाचे नखरे नाहीत. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास सहापट निघालं, आणि त्यातला दर पाचवा मृत्यू आत्महत्येचा होता. सतत उलट्या होत राहिल्या तर रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार कोसळून जीवही जाऊ शकतो. म्हणून एक गोष्ट आधीच सांगायला हवी: सोबत हा उपचाराला पर्याय नव्हे. डॉक्टर, समुपदेशक, आहारतज्ज्ञ यांच्या जागी मैत्रीण बसवता येत नाही.

मग सोबत हवी कशाला? याचं उत्तर आजाराच्या लांबीत आहे. बॉस्टनमधल्या संशोधकांनी रुग्णांचा एक गट दोन दशकांहून अधिक काळ पाहिला आणि निष्कर्ष २०१७ मध्ये मांडले. नऊ वर्षांनंतर अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी जेमतेम ३१ टक्के बरे झाले होते. बावीस वर्षांनी तेच प्रमाण जवळपास ६३ टक्क्यांवर गेलं. बुलिमियाच्या बाबतीत ते ६८ टक्के होतं. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, उशीर झाला म्हणजे आशा संपली असं नाही. दहाव्या, पंधराव्या वर्षीही माणसं बरी होतात. दुसरी, इतकी वर्षं कुठलाही दवाखाना सोबत चालत नाही. समुपदेशक भेटतो आठवड्यातून एक तास. नाश्ता आणि दोन जेवणं एवढंच धरलं तरी ताट आठवड्यातून २१ वेळा समोर येतं. त्या २१ वेळी खुर्चीत कोण असतं, हा खरा प्रश्न आहे.

दारू सोडता येते, जेवण नाही

समदुःखी माणसांनी एकमेकांना सावरायचं, ही कल्पना आज जगभर ओळखीची झाली ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमुळे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांच्या भेटीतून ती चळवळ उगवली. दुसऱ्याला सावरताना आपणही सावरतो, हा त्यांचा अनुभव. फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये त्याला तत्त्वाचं रूप दिलं: मदत घेणाऱ्याइतकाच, कधी त्याहून जास्त, फायदा मदत करणाऱ्याला होतो.

हाच साचा उचलून १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. बारा पायऱ्या, नाव न सांगण्याचा नियम, आपल्याआधी आलेला एक अनुभवी ‘स्पॉन्सर’, आणि नजर फक्त आजच्या दिवसावर. हजारो लोकांना त्याचा आधार वाटला, आजही वाटतो. विशेषतः ज्यांनी आयुष्यभर ‘तोंडावर ताबा नाही’ हेच ऐकलं, त्यांना तिथे पहिल्यांदा कुणी न हसता ऐकून घेतलं.

पण साचा इथे एका जागी अडतो. दारू कायमची सोडता येते. जेवण सोडता येत नाही. उलट अनेकांच्या बाबतीत जेवण सोडणं हाच आजार आहे. व्यसनमुक्तीच्या भाषेतला ‘वर्ज्य’ हा शब्द खाण्यावर लावला की प्रश्न येतो, वर्ज्य काय? बेभान खाणं, असं संस्था सांगते. प्रत्यक्षात पुष्कळ जण साखर, मैदा, अमुक पदार्थ, तमुक वेळ अशी यादी करतात. ज्याचा आजारच नियमांवर पोसलेला आहे, त्याच्या हातात ही नवी नियमावली पडली तर ते औषध की खुराक? बिंज ईटिंगवरच्या आजच्या उपचारपद्धती साधारण उलट सांगतात: वेळेवर जेवा, मधली पोकळी मोठी ठेवू नका, कुठल्याही पदार्थाला राक्षस ठरवू नका. उपास जितका कडक, तितकं नंतरचं खाणं अनावर.

हा अडथळा ओळखून अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात २००० साली ईटिंग डिसऑर्डर्स अ‍ॅनॉनिमस निघालं. बारा पायऱ्या त्यांनी ठेवल्या, ध्येय बदललं. वर्ज्य करण्याऐवजी समतोल. या एका बदलात या क्षेत्राने दारूमुक्तीच्या चळवळीकडून काय घ्यायचं आणि काय तिथेच ठेवायचं, याचा सगळा धडा आहे.

वाटाड्या

दुसरी धारा बारा पायऱ्यांपासून वेगळी वाहिली. १९७६ मध्ये इलिनॉय राज्यात व्हिव्हियन मीहन यांनी उभी केलेली ‘अ‍ॅनॅड’ ही संस्था आजही विनामूल्य आधारगट चालवते. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये स्थापन झालेली संस्था आता ‘बीट’ या नावाने ओळखली जाते. अशा संस्थांच्या गटात एक जण सूत्रधार असतो, बोलण्याचे नियम असतात, वेळ ठरलेली असते.

गेल्या काही वर्षांत यापुढची पायरी म्हणून जोडीने चालण्याचे, म्हणजे मेंटॉरचे प्रयोग झाले. मेलबर्नमध्ये बऱ्या झालेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन उपचार घेणाऱ्यांशी जोडून दिलं. सहा महिन्यांत तेरा भेटी. मेंटॉर घरी येऊन प्रवचन देत नसे. दोघी मिळून कॅफेत जायच्या, किराणा आणायच्या, कपडे खरेदी करायच्या. आजाराने जी जी ठिकाणं भीतीची केली होती, तिथेच. शिकणाऱ्यांचं जगणं सुधारलं, लक्षणं कमी झाली आणि मेंटॉरांचा स्वतःचा आजार उसळून आला नाही. अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने तुलनेची सोय केली. साठ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटाला आजारातून बरा झालेला मेंटॉर मिळाला, दुसऱ्याला हा आजार कधीच न झालेला पण मनापासून सोबत करणारा, तिसरा गट प्रतीक्षायादीत. पहिल्या गटात शरीराबद्दलची नाराजी आणि चिंता कमी झाली. दुसऱ्या गटात उदासी कमी झाली. दोन्ही गटांतले लोक प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा जास्त टिकले. मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. आजार भोगलेला माणूस काही खास देतो, हे खरं. पण न भोगलेल्या माणसाची नियमित, न चुकणारी सोबतसुद्धा वाया जात नाही. गावात समदुःखी कुणी सापडत नसेल, त्याने हात टेकायचं कारण नाही.

प्रतिबंधाच्या बाबतीत पुरावा आणखी भक्कम आहे. एरिक स्टाइस यांनी विकसित केलेला ‘बॉडी प्रोजेक्ट’ मुलींना बारीकपणाच्या आदर्शाविरुद्ध स्वतःच्या तोंडाने युक्तिवाद करायला लावतो. जे आपण बोलून दाखवतो, ते हळूहळू पटतंही, हे त्यामागचं सूत्र. कॅरोलिन बेकर आणि सहकाऱ्यांनी हे काम कॉलेजातल्या मुलींच्याच हाती दिलं. प्रशिक्षित मैत्रिणींनी घेतलेले हे गट व्यावसायिकांच्या तोडीचे ठरू शकतात, असं पुढच्या चाचण्यांत दिसलं.

आणि माणूस काढून घेतला तर काय होतं, याचाही दाखला मिळाला. अमेरिकेतल्या ‘नेडा’ या मोठ्या संस्थेची हेल्पलाइन वीसहून अधिक वर्षं चालू होती आणि तिचा भार प्रामुख्याने स्वयंसेवक वाहत होते. २०२३ मध्ये संस्थेने ती बंद करायचं ठरवलं. ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट तेवढा उरणार होता. मे अखेर टेसा लोकांना वजन कमी करण्याचे सल्ले देते आहे, हे उघड झालं आणि तीही बंद करावी लागली. वजन कमी करण्याचा सल्ला जगात सर्वत्र फुकट मिळतो. फोन उचलणाऱ्या स्वयंसेविकेचं काम नेमका तो न देण्याचं होतं.

सोबतीची स्पर्धा होते तेव्हा

आता या नाण्याची काळी बाजू. एकाच वॉर्डात अ‍ॅनोरेक्सियाचे सात-आठ रुग्ण ठेवले की प्रत्येकीची नजर दुसरीच्या ताटावर आणि मनगटावर जाते. कोण जास्त आजारी, कुणाला नळी लागली, कुणी किती शिल्लक टाकलं. या आजाराचा स्वभावच तुलनेचा. बेल्जियन मनोविकारतज्ज्ञ वॉल्टर व्हांडेराइकेन यांनी २०११ मध्ये सरळ प्रश्न विचारला होता: गटात आणि विशेष वॉर्डांत हे विकार ‘संसर्गजन्य’ होतात का? रुग्णांचं स्वतःचं उत्तर दोन्हीकडे झुकतं. इथेच पहिल्यांदा मला कुणी समजून घेतलं, असं एक म्हणते. इथेच मी नव्या युक्त्या शिकले, असंही तीच म्हणते.

संकेतस्थळांचं जग आल्यावर ही दुसरी बाजू मोकाट सुटली. न खाण्याला जीवनशैली म्हणून मिरवणारे कंपू तयार झाले. २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने असे हॅशटॅग बंद करायला सुरुवात केली, तर लोकांनी स्पेलिंग बदलून नवे काढले. त्या कंपूंतही मैत्री असते, आपुलकी असते, रात्री दोन वाजता उत्तर देणारं माणूस असतं. म्हणूनच ते धोकादायक. आपुलकी खरी, पण ती आजाराच्या बाजूने उभी. मार्या हॉर्नबाखर यांचं ‘वेस्टेड’ हे १९९८ चं आत्मकथन सावध करण्यासाठी लिहिलं गेलं. काही वाचकांनी ते पाठ्यपुस्तकासारखं वापरलं.

म्हणून जबाबदार गटांचा एक नियम जवळजवळ सगळीकडे सारखा सापडतो: आकडे नाहीत. वजन, कपड्यांचं माप, उष्मांक, किती तास उपाशी, कितीदा काय केलं, यातलं काही बोलायचं नाही. भीती बोला, लाज बोला, काल आत्याकडच्या जेवणात काय वाटलं ते बोला. या लेखातही वजनाचा किंवा उष्मांकाचा एकही आकडा नाही, तो याच नियमाने.

घरच्यांनाही सोबत लागते

वीस वर्षांची मुलगी जेवत नाही तेव्हा अख्खं घर आजारी पडतं. लंडनच्या जेनेट ट्रेझर यांनी घरच्यांच्या वागण्याला प्राण्यांची रूपकं दिली आहेत. कांगारू: लेकराला पिशवीत घालून जगापासून जपणारी आई. गेंडा: ‘मुकाट्याने खा’ म्हणत शिंग रोखणारा बाप. वाळूत डोकं खुपसणारा शहामृग. भावनेने लिबलिबीत झालेला जेलीफिश. आदर्श म्हणून त्या डॉल्फिनकडे बोट दाखवतात. तो कधी पुढे पोहून वाट दाखवतो, कधी बाजूने पोहतो, कधी मागे राहून हलकेच ढकलतो. आपल्या घरांत कांगारू आणि गेंडा बहुधा एकाच जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलेले असतात.

ही कौशल्यं घरच्यांना शिकवण्यासाठी त्यांच्या गटाने पुस्तिका आणि चित्रफिती केल्या आणि जोडीला फोनवरून मार्गदर्शन दिलं. त्यात ज्यांच्या घरी हा आजार येऊन गेला अशा आईबापांना सामील करून घेतलं. उपक्रमाच्या नावाचाच अर्थ ‘अनुभवी काळजीवाहकांची इतरांना मदत’ असा होतो. लंडन आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये याच विचाराने बहुकुटुंब उपचार घडले: सहा-सात कुटुंबं सलग काही दिवस एकत्र येतात, एकत्र जेवतात. एक युक्ती फार गमतीची आहे. जेवताना मुलं बदलायची. दुसऱ्याच्या लेकीला घास घ्यायला सांगताना आईचा आवाज चढत नाही, आणि दुसऱ्याच्या आईवर मुलगीही खेकसत नाही. आपल्याच घरात हे जमू शकतं, हे दोघींना परक्या ताटासमोर कळतं.

आपल्याकडचं चित्र

‘हे पाश्चात्त्यांचे आजार’ हा समज पुसायला एक जुना संदर्भ पुरेसा आहे. १९८८ मध्ये ब्रिटनच्या ब्रॅडफर्ड शहरातल्या शाळकरी मुलींची पाहणी झाली. दक्षिण आशियाई घरांतल्या मुलींमध्ये बुलिमियाचं प्रमाण गोऱ्या मुलींहून जास्त निघालं. बंगळूरमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या पाहणीत (२०१२) दोन तृतीयांश जणांनी वर्षभरात असा किमान एक रुग्ण पाहिल्याचं सांगितलं. मात्र रूप वेगळं असू शकतं. दिल्लीतल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच तरुणींचा वृत्तांत लिहिला. त्या खात नव्हत्या, वजन उतरलं होतं, पण ‘मी जाडी आहे’ ही पुस्तकातली तक्रार त्यांच्या तोंडी नव्हती. आपल्याकडे न खाण्याला इतर कारणं हाताशी असतात: पोट बरं नाही, आज संकष्टी, उद्या एकादशी, पुढे नवरात्र. उपास हा दोष नाही. पण आजाराला लपायला त्याहून चांगलं पांघरूण नाही, आणि मुलगी धार्मिक झाली म्हणून घर खूशच असतं.

भाषाही मदतीला येत नाही. ‘बिंज’ला आपल्याकडे आजाराचा शब्द नाही, ‘हावरट’, ‘अधाशी’, ‘खादाड’ या शिव्या आहेत. ‘तब्येत’ हा शब्द तर दुधारी. अ‍ॅनोरेक्सियातून सावरणाऱ्या मुलीला लग्नघरात कुणी प्रेमाने म्हणतं, ‘तब्येत छान सुधारली हं!’ बोलणाऱ्याच्या मनात प्रकृती असते. ऐकणारीच्या कानावर ‘जाड झालीस’ असं पडतं आणि संध्याकाळचं जेवण हुकतं. हे समजावून सांगावं लागत नाही, अशी एक तरी व्यक्ती तिला हवी असते. सोबतीचं पहिलं देणं हेच: हावरटपणाला आजार म्हणणारी भाषा. २०१६ मध्ये अभिनेत्री रिचा चढ्ढा आपल्या बुलिमियाबद्दल जाहीरपणे बोलली, तेव्हा अनेकींना नाव पहिल्यांदा मिळालं.

खास या विकारांसाठीचे मराठी गट सहजी सापडत नाहीत. पण समदुःखींनी एकत्र येण्याची परंपरा महाराष्ट्रात परकी नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच समुपदेशक म्हणून उभी राहिली, आणि व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट निघाला. कॅलगरीत राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिच्या पाठबळातून आलेला ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट आपण पाहिला आहे. या वर्तुळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायची रीत पडली. पार्किन्सन्सच्या मित्रमंडळानेही ती उचलली. ज्या समाजाने स्किझोफ्रेनियासाठी इतके मायेचे शब्द घडवले, त्याला जेवणाच्या भीतीसाठी एक कट्टा घडवणं अवघड नसावं. मुक्तांगणचा अनुभव उसना घ्यावा; फक्त ‘वर्ज्य’ हा शब्द दारातच ठेवावा.

सोबती पारखताना

असा गट किंवा माणूस सापडला तर काय पाहावं? पहिलं, तो उपचाराच्या बाजूने उभा आहे का. ‘डॉक्टरांना काय कळतं’ अशी सुरुवात झाली तर तिथूनच परत फिरावं. दुसरं, आधार देणारी व्यक्ती स्वतः किती काळ स्थिर आहे आणि तिला अडचण आली तर ती कुणाशी बोलते. स्वतःच कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या मैत्रिणीचा हात धरू नये, दोघी जातात. तिसरं, आकड्यांचा नियम आहे का आणि तो मोडला तर कुणी थांबवतं का. चौथं, गटात एकाच घडणीची माणसं आहेत की वेगवेगळ्या शरीराची, वयाची, पुरुषसुद्धा. मिनेसोटाचे छत्तीसही जण पुरुषच होते. तरी हा ‘मुलींचा आजार’ हा समज हटत नाही आणि मुलगे गप्प राहतात. पाचवी कसोटी घरी आल्यावरची. भेटीनंतरचं ताट हलकं झालं की जड? दोन-तीनदा जड होत असेल, तर गट कितीही प्रेमळ असो, तो आपला नव्हे.

शोधाची सुरुवात आपल्या समुपदेशकापासूनच करावी. बऱ्या झालेल्या रुग्णांची ओळख त्यांच्या संमतीने करून देणं त्याला जमू शकतं. घरच्यांनी दुसऱ्या घरच्यांना शोधावं. परदेशातल्या मराठी मुलामुलींना तिथल्या संस्थांचे गट खुले आहेत, पण आजीच्या फोनवरच्या ‘जेवलीस का?’ची उकल तिथे होईलच असं नाही. त्यासाठी एखादी मराठी मैत्रीण लागते. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला, तर गटाच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नये: सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही.

आजार न झालेल्या मित्रांसाठी काम अगदी साधं आहे. जेवताना समोर बसा. ताटाकडे पाहू नका. ‘अजून एक पोळी’ नको, ‘शाब्बास’ही नको. सिनेमाबद्दल बोला, ऑफिसातल्या कटकटीबद्दल बोला, शब्दकोडं काढा. जेवण संपल्यावर लगेच उठू नका. सगळ्यात कठीण अर्धा तास त्यानंतर सुरू होतो. आणि उद्या पुन्हा या.

मिनेसोटाच्या त्या तरुणांपैकी अठरा जणांना साठेक वर्षांनी संशोधकांनी गाठलं, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. उपासमारीपेक्षा नंतरचा सावरण्याचा काळ जड गेला, असं त्यांनी सांगितलं. पूर्ववत व्हायला कुणाला दोन महिने लागले, कुणाला दोन वर्षं. पोट भरायचं, भूक मिटायची नाही. कीजचा प्रयोग मात्र त्याआधीच संपला होता. चोरून खाऊ नये म्हणून दिलेले जोडीदार प्रयोगाबरोबरच गेले. समोर अन्न होतं, खायला बंदी नव्हती, आणि नेमकी तेव्हा बरोबर कुणी असण्याची गरज होती.